जनुकाचं वय आणि जनुकाचा पत्ता

मासुंदा · रविवार, रात्री १०:४०

बारावीच्या वर्गात गुरुवारी एका मुलीने विचारलं, "मॅडम, नवीन जनुक तयार होतं ते ठीक, पण ते बसतं कुठे?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. जुन्या जनुकाची नक्कल होते, ती बरेचदा शेजारीच बसते, पुढे दोघांची कामं वेगळी होत जातात. तिने वहीत लिहून घेतलं आणि बसली, पण पटल्याचा चेहरा काही नव्हता. नंतर स्टाफरूममध्ये चहा पिताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने 'कसं' विचारलंच नव्हतं, 'कुठे' विचारलं होतं. आणि मी गेली अठरा वर्षं फळ्यावर गुणसूत्र म्हणून एक आडवी रेघ मारते, तिच्यावर मणी काढते. रेघेवर 'कुठे'ला काय अर्थ? डावीकडे नाहीतर उजवीकडे.

तेव्हापासून वाचतेय. जे हाती लागलं ते इथे टाकते, चुकलं तर कान धरा.

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो. तो बसतो ज्या केंद्रकात, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं, बरेचदा त्याहूनही लहान. म्हणजे कोंबलेला असणारच. पण गणपतीची लाइटची माळ वर्षभराने खोक्यातून काढल्यावर जशी निघते, तसा तो गुंता नाही. प्रत्येक गुणसूत्राचा आपला इलाखा असतो. १९९९ मध्ये १८ आणि १९ या दोन गुणसूत्रांची तुलना झाली. आकाराने दोन्ही जवळपास सारखी. १८ वर जनुकं विरळ, ते केंद्रकाच्या कडेला सापडलं. १९ वर खचाखच जनुकं, ते मध्यावर. हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

पुढे २००९ मध्ये हाय-सी नावाचं तंत्र आलं. पेशीत जे जिथे आहे ते फॉर्माल्डिहाइडने तिथेच चिकटवून टाकायचं, विकराच्या कात्रीने डीएनएचे तुकडे करायचे, जवळजवळ असलेली टोकं एकमेकांना जोडायची आणि मग कोण कोणाला चिकटलं ते वाचून काढायचं. लाखो पेशींचा असा हिशोब मांडला की एक नकाशा तयार होतो. मी तो पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला तेव्हा आजीची गोधडी आठवली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी रेघ आणि त्या रेघेवर ओळीने लाल चौकोनांचे तुकडे, काही मोठे, काही लहान. प्रत्येक चौकोन म्हणजे डीएनएचा एक पट्टा, ज्याच्यातले भाग आपापसात जास्त भेटतात आणि चौकोनाबाहेरच्यांना कमी. २०१२ मध्ये या चौकोनांना नाव मिळालं, टॅड. पूर्ण नाव टोपॉलॉजिकली असोसिएटिंग डोमेन. वर्गात ते उच्चारताना घंटा व्हायची. मी खारकर आळीत वाढले, म्हणून मी त्यांना 'आळी' म्हणणार आहे. एका आळीत काही लाख ते दहा-वीस लाख अक्षरं डीएनए आणि थोडीफार जनुकं.

आता मुद्द्याचं. २०२४ मध्ये माणूस आणि उंदीर या दोघांच्या जनुकांची वयं या आळ्यांवर ठेवून पाहिली गेली. वयं विखुरलेली निघाली नाहीत. जुनी जनुकं जुन्यांबरोबर, नवी नव्यांबरोबर जास्त राहतात. त्यामुळे काही आळ्या म्हाताऱ्यांच्या, काही तरण्यांच्या. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, एखादं तरुण जनुक म्हाताऱ्यांच्या आळीत जाऊन बसलेलं असेल तर ते प्राण्याला अत्यावश्यक होऊन बसल्याची उदाहरणं जास्त सापडतात. म्हणजे काढून टाकलं तर जगणंच अडतं.

त्या मुलीला हे कसं सांगू? आणि मुळात हे खरंच इतकं सरळ आहे का?

---

निवांतकाका · रविवार, रात्री ११:१५

ताई, छान लिहिलंय. माझी शंका अगदी प्राथमिक आहे. बँकेत तीस वर्षं लोकांचे जन्मदाखले तपासले, त्यामुळे तिथेच अडलो. जनुकाचं वय कोण सांगतं? त्याला कुठला ग्रामसेवकाचा सहीशिक्का?

---

मासुंदा · सोमवार, सकाळी ६:५०

काका, दाखला नाहीच. नातेवाइकांवरून वय काढतात. एखाद्या जनुकाचा सगळ्यात दूरचा नातेवाईक कुठे सापडतो ते पाहायचं. माणसात आहे, यीस्टमध्येही आहे, तर दोघांच्या सामाईक पूर्वजात ते होतंच. म्हणजे शंभर कोटी वर्षांहूनही जुनं. फक्त सस्तन प्राण्यांत आहे, तर त्या मानाने कालचं पोर. २००७ मध्ये या पद्धतीला फायलोस्ट्रॅटिग्राफी हे नाव पडलं. खडकांचे थर मोजतात तसं.

एक उदाहरण देते, मी स्वतः त्याच्या प्रेमात पडले आहे. दुधातलं केसीन. पनीर होतं ते यामुळेच. केसीनची जनुकं फक्त सस्तन प्राण्यांत, अगदी अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्येही आहेत, पण कोंबडीत नाहीत, माशात नाहीत. माणसात ती ४ नंबरच्या गुणसूत्रावर आहेत. आता शेजारी बघा. बीटा केसीन आणि कॅपा केसीन या दोन जनुकांच्या दरम्यान लाळेतल्या प्रथिनांची जनुकं बसली आहेत. थोडं पुढे गेलं की दाताच्या एनॅमलची. दूध, लाळ आणि दात, एका ओळीत!

कारण नातं आहे. हे सगळं एकाच खानदानाचं. मूळ पुरुष एक, त्याच्या नकलांच्या नकला होत गेल्या आणि शेजारी शेजारी बसत गेल्या. धंदाही जवळपास एकच, कॅल्शियमचा. एनॅमलची प्रथिनं कॅल्शियमचे स्फटिक उभे करायला मदत करतात. लाळेतलं स्टॅथेरिन कॅल्शियमचा नको तिथे थर बसू देत नाही. केसीन कॅल्शियम बांधून बाळापर्यंत पोचवतं. यात दातवाली मंडळी कितीतरी जुनी, दूधवाली नवी. आणि पक्ष्यांचे दात गेले तशी त्यांच्याकडची एनॅमलची जनुकंही मोडकळीला आली.

पहिलं लेक्चर ७:१० ला आहे, पळते.

---

पारसिक · सोमवार, सकाळी ९:०५

म्हणजे 'दुधाचे दात' हा शब्द ज्याने काढला त्याला जीनोमिक्स येत होतं म्हणायचं. हलकेच घ्या.

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

घणसोलीकर · सोमवार, दुपारी १:२०

मी विज्ञानवाला नाय. पण मासुंदाताईंचं वाचून मला आमचंच गाव दिसलं, म्हणून लिहितो.

१९७० ला सिडको आली, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी. जमिनी गेल्या, सेक्टर पडले. नकाशात पाहिलं तर सगळं चौकोनी चौकोनी, आणि मध्येच कोणीतरी मूठभर तांदूळ सांडल्यासारखं आमचं गावठाण. घणसोली घ्या, कोपरखैरणे घ्या, बोनकोडे, जुहूगाव, तुर्भे, शिरवणे, कुठेही जा. सेक्टरमधून चालत येता येता रस्ता एकदम अरुंद होतो, वर वायरींचं जाळं, मध्ये देऊळ, ओट्यावर म्हातारी मासे साफ करत बसलेली. जुनी घरं जुन्यांबरोबर. आणि नवी वस्ती, तीही एकगठ्ठा.

आता दुसरी गोष्ट. माझ्या चुलतभावाने २०१५ ला सेक्टरमध्ये झेरॉक्सचं दुकान टाकलं. भाडं तगडं, वर्षाने शटर ओढलं. तेच मशीन उचलून गावात देवळासमोर आणून ठेवलं. आज गावातल्या कोणाचाही आधार, सातबारा, साडेबारा टक्क्यांची (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाची) फाइल, सगळं त्याच्याकडून जातं. दोन दिवस तो हळदीला गेला आणि दुकान बंद होतं, तर लोक घरी येऊन शिव्या घालून गेले. मशीन तेच, माणूस तोच. जागा बदलली आणि तो 'अत्यावश्यक' झाला. तुमचं ते तरुण जनुक म्हाताऱ्यांच्या आळीतलं, ते हेच का?

---

रानजाई · सोमवार, रात्री ९:३०

घणसोलीकर, झेरॉक्सचं उदाहरण मी आमच्या प्रयोगशाळेत सांगणार आहे, आधीच परवानगी मागून ठेवते. क्रोमॅटिनवर, म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं यांच्यावर, काम करते, म्हणून थोडी भर घालते. आणि एक-दोन ठिकाणी पाचर मारते.

तुमच्या भावाचं दुकान चाललं कारण गावात येणंजाणं आधीच होतं. केंद्रकात हे येणंजाणं म्हणजे एन्हान्सर. एन्हान्सर म्हणजे जनुकाला 'आता चालू हो' म्हणणारा डीएनएचा तुकडा. तो जनुकाच्या दारातच असेल असं नाही. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सॉनिक हेजहॉग या जनुकाचं. हातापायाची बोटं घडवण्यात त्याचा हात. त्याचा बोटांपुरता एन्हान्सर त्याच्यापासून जवळपास १० लाख अक्षरं लांब, आणि तोही एका भलत्याच जनुकाच्या पोटात. सरळ रेघेवर पाहिलं तर या दोघांचा काही संबंध लागूच शकत नाही. पण दोघं एकाच आळीत आहेत, डीएनएची घडी अशी पडते की गाठ पडते. त्या एन्हान्सरमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी सहावं बोट येऊ शकतं. २०१६ मध्ये उंदराचा हा तुकडा काढून तिथे सापाचा बसवला, तर उंदराचे पाय खुंटले.

आता वयाचा मुद्दा इथे येतो. असली लांबलांबची नाती ज्या आळीत आहेत, ती आळी फोडणं परवडत नाही. मध्येच गुणसूत्र तुटलं तर जनुक एकीकडे, त्याचा एन्हान्सर दुसरीकडे. असा गर्भ बहुधा वाढतच नाही. म्हणून कोट्यवधी वर्षं ती आळी जशीच्या तशी पुढे येते आणि आतले म्हातारे एकत्र राहतात. ते प्रेमाने एकत्र राहिलेत असं नाही, जे वेगळे झाले ते टिकले नाहीत. गिबन माकडांची गुणसूत्रं फार उलटीपालटी झालेली आहेत, तरीही तुटण्याच्या जागा पाहिल्या तर त्या बरेचदा आळ्यांच्या वेशीवर. घराच्या मध्यातून भिंत फोडण्यापेक्षा दोन घरांच्या मधल्या बोळातून रस्ता काढणं स्वस्त पडतं.

पाचर नंबर एक. सिडकोला नकाशा होता. केंद्रकात नकाशा काढणारा कोणी नाही. कोहेसिन नावाची एक प्रथिनांची कडी असते. बांगडीतून दोरी ओढत जावी तशी ती डीएनए ओढत ओढत फास मोठा करत जाते, आणि सीटीसीएफ नावाचं प्रथिन तोंड करून उभं असलं की थांबते. समोरासमोर तोंडं असलेली दोन सीटीसीएफ भेटली की फास पक्का. इतकंच. या धांदलीतून आळी 'होते'.

पाचर नंबर दोन. गावठाण तिथंच असतं, आळी तशी नसते. पेशी विभागायला लागली की सगळ्या आळ्या विस्कटतात, गुणसूत्रं घट्ट गुंडाळली जातात. विभागणी संपली की पुन्हा मांडामांड. त्यामुळे गावापेक्षा आठवडी बाजार म्हणा. दर आठवड्याला पालं उठतात आणि पुढच्या आठवड्यात सुकटवाली नेमकी त्याच झाडाखाली बसलेली असते.

---

निवांतकाका · सोमवार, रात्री १०:०२

आमच्या आजोळी सहा बोटांचा मुलगा म्हणजे लक्ष्मी. त्याच्या हाताने पेरणी करून घ्यायचे. आता एका अक्षराची चूक निघाली.

अवांतर: नव्या वस्तीचं म्हणाल तर घोडबंदरला या. टॉवर नवे, शेजारी नवे, आणि पाण्याचा टँकर अत्यावश्यक.

---

आकडेमोड · मंगळवार, रात्री १२:१०

उपमा छान चालल्या आहेत, रंगाचा बेरंग करतो. पोटापाण्यासाठी ऐरोलीत डेटा बघतो, म्हणून सवय.

पहिला आक्षेप. मासुंदा यांनीच केसीनच्या उदाहरणात उत्तर देऊन टाकलंय. नक्कल शेजारी बसते. एकाच काळात झालेल्या दहा नकला शेजारी शेजारी बसल्या तर त्या 'समवयस्क शेजारी' दिसणारच. त्याला त्रिमिती घडी कशाला हवी? रेघेवरचं अंतर पुरेसं आहे. वासाची जनुकं बघा, माणसात चालू अवस्थेतली सुमारे ४००, उंदरात हजाराच्या वर, झुंडीच्या झुंडी. १९ नंबरच्या गुणसूत्रावर झिंक फिंगर (डीएनएला धरणारी प्रथिनं बनवणाऱ्या) जनुकांचे मोहल्लेच्या मोहल्ले आहेत, त्यातले कितीतरी फक्त प्रायमेट्सचे, म्हणजे माकडं आणि माणूस यांच्या कुळातले.

दुसरा आक्षेप वयाच्या मापावर. दूरचा नातेवाईक 'सापडला नाही' आणि 'नव्हता' यात फरक आहे. लहान आणि झपाट्याने बदलणारी जनुकं असतील तर नातं असूनही जुळणी करणाऱ्या प्रोग्रामला ते दिसत नाही. मग म्हातारं जनुक तरुण म्हणून नोंदलं जातं. २०२० मध्ये यीस्ट आणि कीटकांच्या जनुकांवर दाखवलंय की फक्त आपल्याच शाखेत सापडणारी म्हणून मिरवणारी कितीतरी जनुकं या एका कारणाने तशी दिसू शकतात. आता समजा केंद्रकाच्या कडेला, बंद पडलेल्या भागातली जनुकं जास्त झपाट्याने बदलत असतील, तर ती सगळी 'तरुण' दिसतील. आणि आपण म्हणू, बघा बघा, पत्त्याचा आणि वयाचा संबंध!

निवांतकाका, तुमच्या भाषेत: दाखला हरवला म्हणून माणूस लहान होत नाही.

---

निवांतकाका · मंगळवार, सकाळी ७:३०

हे मात्र मी बँकेत रोज पाहिलंय. एका गृहस्थांच्या तीन कागदांवर तीन जन्मतारखा, तिन्ही १ जून.

---

रानजाई · मंगळवार, रात्री ८:४५

आकडेमोड, दोन्ही आक्षेप रास्त. मी फक्त ते कुठवर पोचतात ते सांगते.

वय दोन प्रकारे मोजतात आणि इथे सगळ्यांची गल्लत होतेय, मासुंदाताईंचीही थोडी. एक, त्या खानदानाचा मूळ पुरुष कधीचा. दुसरं, या जनुकाची शेवटची नक्कल कधी झाली, म्हणजे ते भावापासून वेगळं कधी झालं. २०२४ च्या कामात दुसरं वय आहे. त्यात 'नातेवाईक दिसलाच नाही' ही भानगड बरीच कमी होते, कारण भाऊ समोरच असतो.

आणि त्यात जी फट दिसली ती बघण्यासारखी आहे. आपल्या, म्हणजे पृष्ठवंशीयांच्या, पूर्वजांत सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी सगळाच्या सगळा जीनोम, म्हणजे पेशीतला अख्खा डीएनए, दुप्पट झाला, एकदा नाही, दोनदा. ही कल्पना सुसुमू ओहनो यांची, १९७० ची. ठसा अजून दिसतो. शरीराचा पुढून मागे आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा अँफिऑक्सस या माशासारख्या छोट्या जीवात एकच संच आहे, आपल्यात चार संच, मिळून ३९ जनुकं. आता जनुकांची वयं आळ्यांवर ठेवली तर त्या दुपटीच्या वेळची आणि त्याआधीची जनुकं एका बाजूला जमतात, नंतर जन्मलेली दुसऱ्या बाजूला. रेषा नेमकी तिथे पडते. एकेक करून शेजारी बसलेल्या नकलांनी नव्यांचा घोळका समजतो, पण म्हाताऱ्यांचा घोळका त्याने समजत नाही. अख्खा जीनोम दुप्पट होतो तेव्हा भाऊ शेजारी बसत नाही, तो थेट दुसऱ्या गुणसूत्रावर जातो, सगळी आळी सोबत घेऊन. एन्हान्सरसकट. म्हणून तो टिकतो.

आणि तरुण जनुक अत्यावश्यक ठरण्याची जी गोष्ट, तीही नुसती 'जुन्या आळीत आहे' एवढ्यावर नाही. त्या दुपटीच्या काळातल्या जनुकांशी ज्यांचा संपर्क आहे, त्यांच्यात ते जास्त दिसतं. पण तरीही हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. आमच्याकडेही यावरून चहा थंड होतो.

आता मूळ प्रश्न, नवीन जनुक बसतं कुठे. नक्कल हा एक रस्ता. दुसरा रस्ता लोक बरीच वर्षं मानायलाच तयार नव्हते. फ्रांस्वा जेकब यांनी १९७७ मध्ये लिहिलं की उत्क्रांती इंजिनिअर नाही, ती घरातलं जुनं सामान जोडून काम भागवणारी आहे, आणि कुठल्याशा निरर्थक अक्षरांतून नवं कामाचं प्रथिन निघण्याची शक्यता जवळजवळ शून्य. त्यांचं पहिलं वाक्य अजून खरं आहे. दुसऱ्याला २००६ मध्ये फळमाशीने तडा दिला, मग यीस्टने, मग माणसानेही. उत्तरेच्या गोठत्या समुद्रातल्या कॉडमाशाच्या रक्तात बर्फ होऊ न देणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक आधी जनुक नसलेल्या डीएनएतून घडलं.

अशी कोरी जनुकं सुरुवातीला कुठे चालू होतात? बरेचदा वृषणात. शुक्रपेशी तयार होताना तिथला क्रोमॅटिन फार मोकळा असतो, काहीही वाचलं जातं. उमेदवारीच्या काळात जिथे कोणी हटकत नाही तिथे पोरगं आधी रुजू होतं. पुढे त्यातली बरीच नाहीशी होतात. एखादंच बाहेर दुसऱ्या अवयवात काम मिळवतं.

---

पारसिक · मंगळवार, रात्री ९:१०

बर्फ न होऊ देणारं प्रथिन आमच्या बोंबलात का नाही? मार्केटमधून घरी येईस्तोवर पाणी पाणी होतं.

गंभीरपणे: मेव्हण्याला चार वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला. आता बरा आहे, गोळी चालू आहे. रिपोर्टवर ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल असं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन जनुकांचे तुकडे जुळून नवीनच जनुक झालं. तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. हेही 'नवीन जनुक' धरायचं का?

---

रानजाई · मंगळवार, रात्री ९:४०

बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

हो, नवीनच, फक्त वय चार वर्षं आणि ते मुलांकडे जात नाही, रक्तपेशींपुरतं राहतं. आणि पत्त्याचा मुद्दा तिथेही लागू आहे. दोन गुणसूत्रं एकाच वेळी तुटून एकमेकांना चिकटायची तर ती केंद्रकात आसपास असायला हवीत. ठाण्याच्या फलाटावर ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत चुकून दोघांच्या बॅगा बदलतात, घरी बसलेल्याची बदलत नाही.

काही कर्करोगांत तर जनुक जसंच्या तसं असतं, फक्त आळीची वेस मोडते आणि शेजारच्या आळीतला एन्हान्सर भलत्याच जनुकाला उठवतो.

---

आकडेमोड · बुधवार, रात्री ११:३०

दुपटीचा मुद्दा मान्य. त्याने माझा पहिला आक्षेप अर्धा पडतो. अर्धाच.

पण पत्ता म्हणजे नशीब असं कोणी समजू नये म्हणून एक नमुना. बहुतेक पेशींत बंद पडलेला डीएनए केंद्रकाच्या कडेला आणि चालू डीएनए आत. उंदराच्या डोळ्यातल्या रॉड पेशींत (मंद उजेडात बघणाऱ्या) बरोब्बर उलटं. बंद डीएनएचा गोळा मधोमध, चालू जनुकं कडेला. २००९ मध्ये हे बाहेर आलं. कारण काय, तर अशा केंद्रकातून प्रकाश कमी विखुरतो, ते छोट्या भिंगासारखं वागतं आणि अंधारात बघायला मदत होते. म्हणजे सगळं शहर आतलं बाहेर केलं तरी जनुकं आपापलं काम करतच राहतात. तेव्हा केंद्रकात मध्यावर आहे की कडेला, यापेक्षा शेजारी कोण आहे, हेच जास्त महत्त्वाचं असावं. या बाबतीत मी झेरॉक्सवाल्याच्या बाजूने.

---

घणसोलीकर · गुरुवार, सकाळी ८:१५

भावाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, उंदराच्या डोळ्यात त्याचं दुकान कुठून आलं.

---

मासुंदा · गुरुवार, संध्याकाळी ६:२०

आज वर्गात घेतलं. पोर्शन मागे पडला, पण असू दे.

घरून लाइटची माळ नेली होती, सोबत आईच्या चार बांगड्या. बांगडीतून माळ ओढत फास कसा वाढतो ते दोन मुलांनी धरून दाखवलं. माळेवर लाल दिवे म्हणजे जुनी जनुकं, हिरवे म्हणजे नवी. सरळ धरली तर एक लाल दिवा दुसऱ्या लालपासून हातभर लांब, फास ओढल्यावर दोघे एकमेकांना टेकले. मागच्या बाकावरून "ओह" असा आवाज आला. बारावीच्या वर्गात तो आवाज वर्षातून दोनदा येतो. एक बांगडी फुटली, ते घरी सांगितलेलं नाही.

रानजाई, 'मूळ पुरुष कधीचा' आणि 'शेवटची नक्कल कधीची' ही गल्लत मी खरंच केली होती. केसीनचं वय मी पहिल्या मापाने सांगितलं आणि २०२४ च्या कामाचा निष्कर्ष दुसऱ्या मापाचा. वर्गात दोन्ही वेगळे सांगितले. त्यावर ती मुलगी, जिच्यामुळे हा धागा निघाला, ती उठून म्हणाली, "मग मॅडम, म्हाताऱ्या आळीतलं तरुण जनुक उचलून तरुणांच्या आळीत ठेवलं, जसंच्या तसं, तर ते अत्यावश्यक राहील का?"

मी म्हटलं, घणसोलीला एक झेरॉक्सचं दुकान आहे. पण ते उत्तर नाही हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

---

रानजाई · गुरुवार, रात्री १०:५०

तिने आम्हाला हवा असलेला प्रयोगच विचारलाय. जनुक, जसंच्या तसं, फक्त जागा बदलायची. सापाचा तुकडा उंदरात बसवला तसं हे करता येतं, पण एका जागेने काही सिद्ध होत नाही, कितीतरी जागा कराव्या लागतील. एकेक उंदीर, एकेक जागा. तिला सांगा, बारावीनंतर खारघरला येऊन भेट, केंद्रकं दाखवते.

---

आकडेमोड · शुक्रवार, रात्री १२:०५

प्रयोग होईस्तोवर एक करता येईल. माणूस आणि उंदीर, दोघांचे आळ्यांचे नकाशे खुले आहेत. शेजारी बसलेल्या नकला गाळून टाकायच्या, उरलेल्यांची वयं आळ्यांत खेळवून बघायची, हजार वेळा पत्ते पिसून. घोळका तरीही राहिला तर माझा पहिला आक्षेप मागे. शनिवारी बसतो, इथेच टाकतो, उलटं आलं तरी.

---

निवांतकाका · शुक्रवार, सकाळी ७:४०

शनिवारची वाट बघतो. ताई, तोवर त्या गोधडीसारख्या नकाशाचं चित्र तेवढं टाका, बायकोला दाखवायचंय. ती गोधड्या शिवते, म्हणते चौकोन तिरके कसे लावले ते बघू दे.